नावाच्या जागी रेघ

चंद्रिका बिराजदार यांच्याबद्दल लिहायचं तर आधी मला माझं एक कबूल करावं लागेल. गेल्या वर्षी ऑक्टोबरात एक अख्खा दिवस मी त्यांना चोर समजत होतो.

मी मल्हार. गाव वेळापूर, नोकरी सोलापुरात, होटगी रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. सर्व्हर, पासवर्ड, प्रिंटर, बंद पडलेला पंखा, काहीही बिघडलं की हाक मला. आमची कंपनी साखर कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. ऊस कोणाचा आला, कुठल्या गाडीतून आला, काट्यावर किती भरला. त्यातला वजनकाट्याचा प्रोग्रॅम म्हणजे चंद्रिकाताई. एकोणीस वर्षं त्यांनी तोच लिहिला, तोच दुरुस्त केला, आणि जिल्ह्यातल्या निम्म्या कारखान्यांच्या काट्यांवर स्वतः उभं राहून तपासला.

ताई मूळच्या वळसंगच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. त्यांचे वडील गुरप्पा बैलगाडीतून ऊस घालायचे आणि लहानग्या चंद्रिकाला सोबत न्यायचे. ताई सांगायच्या, "गाडी काट्यावर चढली की आमचे अप्पा काट्याकडं बघायचेच न्हाईत. काटेवाल्याच्या हाताकडं बघायचे." ती नजर ताईंमध्ये उतरली होती. नवीन काटा जोडला की एकच ट्रॅक्टर त्या तीनदा चढवायला लावायच्या, एकदा सरळ, एकदा उलटा, एकदा ड्रायव्हरला खाली उतरवून. कारखान्याचे लोक वैतागायचे. ताईंना त्याचं काही नसे. शेतकऱ्याला काट्याचा संशय येतोच, मग तो आपल्याला आधी यायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

प्रोग्रॅमच्या बाबतीतही तेच. पूर्वी आमच्याकडे प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर फिरायचे. कोणी कुठली ओळ बदलली, पत्ता लागायचा नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी ताईंनी मालकांच्या मागे लागून गिटचा सर्व्हर बसवून घेतला. प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ कोणी, केव्हा, कशासाठी बदलली याची नोंद हा सर्व्हर ठेवतो. आपण केलेला बदल वेबवरून त्याच्याकडे पाठवायचा. तो आपली ओळख विचारतो, पटली तर नावासकट बदल जमा करून घेतो. "काट्याच्या प्रोग्रॅममध्ये बिननावाची ओळ नको," असं ताई प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायच्या.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं. जुने मालक बसवराज सर शाखाप्रमुख म्हणून त्याच खुर्चीत राहिले, पण निर्णय पुण्याहून यायला लागले. पहिला निर्णय असा की प्रत्येक ठिकाणी वेगवेगळे पासवर्ड नकोत. सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना एकदाच पासवर्ड टाकायचा, मग तुमच्या नावाचं एक तिकीट तयार होतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण दिवसभर ज्या सर्व्हरकडे जाल तिथं तुमचा कॉम्प्युटर ते तिकीट पुढे करतो आणि दार उघडतं. आमच्या शाखेतल्या सगळ्यांची खाती पुण्याच्या यंत्रणेत हलवायचं काम माझ्याकडे आलं. एका शनिवार-रविवारात मी ते उरकलं. सोमवारी सगळ्यांची दारं उघडली.

चंद्रिकाताईंचं उघडलं नाही.

आता हे साधं वाटेल, पण त्याच्या दहा दिवस आधी काय झालं होतं ते सांगायला हवं. आमच्याकडे निंगप्पा नावाचे टेस्टर होते. अकरा वर्षं कामाला. एका शुक्रवारी सकाळी अकराला त्यांच्या कॉम्प्युटरनं त्यांना आत घेणं बंद केलं. त्यांनी मला बोलावलं. मी वायर हलवली, पासवर्ड बदलला, पुण्याला फोन केला. पुण्याहून कोणी नीट बोलेना. संध्याकाळी चारला बसवराज सरांनी त्यांना आत बोलावलं आणि पत्र हातात दिलं. पाच तास तो माणूस बिघाड समजून बसला होता. तेव्हापासून ऑफिसात कोणाचं पान उघडायला जरा उशीर लागला तरी मान वर व्हायची.

त्यामुळे सोमवारी ताईंनी मला हाक मारली तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मल्हार, गिट घेईना मला."

मी बघितलं. 'पाठवलेली विनंती चूक आहे' अशा अर्थाचा नुसता एक आकडा यायचा, चारशे. ब्राउझरमधून उघडलं तर पुण्याच्या लोकांनी बनवलेलं गुळगुळीत पान यायचं: काहीतरी चुकलं आहे, प्रशासकाशी संपर्क साधा. आता प्रशासक मीच.

मी ओळीनं सगळं तपासलं. कॉम्प्युटरचं घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त मागेपुढे असलं तर तिकीट चालत नाही. घड्याळ बरोबर होतं. तिकीट मिळालंय का बघितलं. मिळालं होतं, नाव बरोबर, मुदत संध्याकाळपर्यंत. पासवर्ड बदलला. बंद करून सुरू केलं. मेल उघडत होता, हजेरी उघडत होती. फक्त गिट नाही. मग मी त्यांच्याच मशीनवर माझ्या नावानं आत शिरलो. गिट लगेच उघडलं.

"आता माझ्या मशीनवर तुमच्या नावानं बघू," मी म्हणालो.

बघितलं. चारशे.

ताई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे खोट मशीनमध्ये न्हाय."

"न्हाय ताई."

"म्हणजे माझ्यात हाय."

मी हसून घालवायचा प्रयत्न केला. त्या हसल्या नाहीत. खाली वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "मला काढायचं ठरलंय का? ठरलं असलं तर सरळ सांग. निंगप्पासारखं चार वाजेपर्यंत बसवू नकोस."

"मला कायबी म्हाईत न्हाय, शपथ," मी म्हणालो.

"निंगप्पालाबी तू हेच म्हणालास."

ते खरं होतं.

मंगळवारी त्या बसवराज सरांच्या केबिनमध्ये जाऊन आल्या. परत आल्या आणि माझ्या टेबलाशी थांबल्या. "सर माझ्याशी एकोणीस वर्षं कानडीत बोलतात," त्या म्हणाल्या. "आज मराठीत बोलले. 'वरून मला असं काही सांगण्यात आलेलं नाही.' असं बोलतं का कुणी?"

बुधवारी सकाळी मला पुण्याहून फोन आला. वैजयंती मॅडम, सुरक्षा विभागाच्या प्रमुख. त्यांना मी कधी भेटलो नव्हतो. आवाज शांत, एकेक शब्द तोलून बोलणाऱ्या.

"मल्हार, तुमच्या शाखेतून गिटच्या सर्व्हरकडे दोन दिवसांत अठ्ठ्याण्णव विनंत्या आल्यात. सगळ्या काट्याच्या प्रोग्रॅमकडे. नोंदीत नावाच्या जागी रेघ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी आपलं नाव न देता आत शिरायला बघतंय. बहुतेक विनंत्या बिराजदार मॅडमच्या मशीनवरून आहेत. काही तुमच्या मशीनवरून."

मी घाईघाईनं सांगितलं, माझ्या मशीनवरच्या विनंत्या म्हणजे मी ताईंच्या नावानं केलेल्या चाचण्या आहेत. त्या म्हणाल्या, असू शकतील. पण ज्याचं तिकीट आहे त्याचं नाव नोंदीत यायला हवं. रेघ का यावी? मग म्हणाल्या, "पुढं काय होणार याचा अंदाज असेल तर लोक जायच्या आधी काही गोष्टी सोबत न्यायला बघतात. आम्ही हे पाहिलंय. त्यांच्या मशीनवर काय आहे ते एकदा बघा. त्यांना सांगू नका."

"पुढं काय होणार म्हणजे?" मी विचारलं.

"ते तुमच्या कामाचं नाही," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो. का म्हणालो हे आजही नीट सांगता येत नाही. माझ्याही मशीनचा उल्लेख झाला होता, तेवढं पुरलं असावं. आणि एकदा हो म्हटल्यावर मला जे दिसेल ते तसंच दिसायला लागलं. ताई सोमवारपासून सारखं सारखं तेच बटण दाबत होत्या. मला वाटलं, एवढी घाई कशाला? ताई फोनवर बाहेर जाऊन बोलल्या. मला वाटलं, कोणाशी? मी पाणी प्यायला उठलो तेव्हा त्यांनी स्क्रीनवरचं काहीतरी मिटवलं असं वाटलं. कदाचित मिटवलंही असेल. त्यांना माझा संशय येतच होता.

दुपारी त्या डबा घेऊन मागच्या खोलीत गेल्या. पायल नावाची नवीन मुलगी, तीन महिन्यांपूर्वी लागलेली, त्यांच्याबरोबर जेवायची. एरवी मीही असायचो. त्या दिवशी गेलो नाही, ताईंच्या खुर्चीत बसलो.

मशीनवर काट्याच्या प्रोग्रॅमची संपूर्ण प्रत होती, पहिल्या दिवसापासूनच्या बदलांसकट. गिट वापरणाऱ्या प्रत्येकाकडे अशी प्रत असतेच, माझ्याकडेही होती. पण त्या क्षणी मला ती चोरीचा माल वाटली. ड्रॉवर उघडा होता. आत तीन पेनड्राइव्ह, प्रत्येकावर कागद चिकटवून कारखान्याचं नाव लिहिलेलं. ज्या कारखान्यांच्या काट्यावर नेट नसतं तिथं ताई पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम घालायच्या, हे मला दहा वर्षं माहीत होतं. तरी मी मोबाइल काढून पेनड्राइव्हचा फोटो घेतला.

फोटो काढून मान वर केली तर समोर ताई. हातात चटणीचा डबा होता, बहुतेक मला शेंगाचटणी द्यायला आल्या होत्या. रोज द्यायच्या.

त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. डबा टेबलावर ठेवला.

"कोणी सांगितलं?"

मी मोबाइल खिशात घातला.

"पुण्यानं?"

मी मान हलवली.

"फोटो नीट आलाय का बघ," त्या म्हणाल्या. "माळशिरसकडचा कारखाना डाव्या हाताचा हाय. त्याचं नाव पुसट झालंय." मग खुर्चीला हात लावून उभ्या राहिल्या, मी उठेपर्यंत.

त्या दिवशी त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. मी फोटो पुण्याला पाठवला नाही, पण पुसलाही नाही. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात: रेघ का?

गुरुवारी काम आणखी अडलं. माळशिरसच्या बाजूच्या त्या कारखान्यात शनिवारी काट्याची चाचणी होती. भरल्या गाडीतून वजा करायला रिकाम्या गाडीचं वजन धरतात, त्या नियमात ताईंनी एक दुरुस्ती केली होती. ती त्यांच्या मशीनवर तयार होती, पण गिटमध्ये जमा झाल्याशिवाय कारखान्याला देता येत नव्हती. बसवराज सर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चंद्रिका, एवढं कशाला ताणायचं? मल्हारच्या नावानं चढवून टाक. काम झाल्याशी कारण."

"न्हाय सर," ताई म्हणाल्या.

"अगं, एक ओळ आहे."

"एक असू दे न्हायतर शंभर. मी लिहिलेली ओळ मल्हारच्या नावावर जाणार न्हाय. उद्या कुणा शेतकऱ्याचा ऊस कमी भरला, तर कोण उत्तर देणार? मल्हार? त्याला तरी कळंल का मी काय लिहिलंय?"

सर आत गेले. मी जागेवर बसून राहिलो आणि माझ्या डोक्यातली गाठ एकदम सैल झाली. नाव लपवून आत शिरायचं असतं तर या बाईसमोर आत्ताच दार उघडं होतं. जुन्या मालकानं सगळ्यांदेखत दुसऱ्याचं नाव देऊ केलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. मग नोंदीतल्या त्या रेघेचा अर्थ आम्ही लावतोय तो असूच शकत नाही.

मी त्यांच्या टेबलाशी गेलो. "ताई, मी काल चुकलो."

"ते नंतर," त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. "मला आधी एक सांग. पायलचं चालतं?"

"पहिल्या मिनिटापासून."

"तीन महिन्यांच्या पोरीला घेतंय आणि मला घेईना. दोघींचं तिकीट एकाच ठिकाणी बनतं ना? मग फरक काय दोन्हीत? तू तिकीट हाय का न्हाय एवढंच बघितलंस. आत काय भरलंय बघितलंस का?"

खरं सांगतो, नव्हतं बघितलं. तिकिटात नाव असतं, मुदत असते, आणि तो माणूस कुठल्या कुठल्या गटांत आहे त्याची यादीही असते. कोणाला काय उघडायची परवानगी आहे ते या गटांवरून ठरतं. मी पायलचे गट मोजले. सहा. माझे अडतीस. मग ताईंचे.

एकशे एक्केचाळीस.

"एवढे?" ताई म्हणाल्या.

प्रत्येक नवीन कारखाना आला की त्याचा गट, त्यात ताई. एकोणीस वर्षांत त्यांना घातलं सगळ्यांनी, काढलं कोणीच नाही. आणि खाती हलवताना पुण्याच्या सूचनेप्रमाणे मी प्रत्येक गटाची जुनी ओळखही नव्या ओळखीला चिकटवून आणली होती, म्हणजे जुनं काही बंद पडायला नको. त्या जुन्या ओळखींनी तिकीट फुगलं होतं. शुक्रवारपर्यंत जी साधी यादी होती तिचं सोमवारी भलतंच मोठं तिकीट झालं होतं, आणि ते करणारा मीच.

मी त्यांच्या मशीनवरून जाणारी एक विनंती मधेच पकडली आणि तिकिटाचा भाग मोजला. नऊ हजार एकशे साठ अक्षरं. मग सर्व्हरचं माहितीपत्रक काढलं. काही वेगळं सांगितलं नसेल तर विनंतीतला कुठलाही एक भाग तो आठ हजार एकशे नव्वद अक्षरांपर्यंतच घेतो. त्यापुढचं न वाचताच परत पाठवतो. मेल आणि हजेरीचे सर्व्हर याहून मोठं तिकीट घेत होते.

ताईंनी त्या दोन आकड्यांवर एकेक करून बोट ठेवलं.

"न वाचता?"

"व्हय. तिकीट उघडून नाव बघायच्या आधीच परत."

"म्हणून रेघ."

"म्हणून रेघ."

मला आनंद झाला होता. त्यांना झालेला दिसला नाही. "हा तुझा अंदाज हाय," त्या म्हणाल्या. "पुरावा कुठाय? अंदाजावर तर माझ्या ड्रॉवरचा फोटो निघाला."

पुरावा सर्व्हरवर होता, पण सर्व्हर आता पुण्याच्या ताब्यात. तो नेहमी फक्त मोठे बिघाड लिहून ठेवायचा. असल्या बारीक गोष्टी लिहायला त्याला सांगावं लागतं, आणि ते वैजयंती मॅडमच सांगू शकत होत्या. मी फोन लावला. ताईंनी खूण करून स्पीकर चालू करायला लावला आणि स्वतः बोलायला लागल्या. त्यांचं ते ऑफिसातलं शुद्ध मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मॅडम, मी चंद्रिका बिराजदार. ज्यांच्या मशीनवर तुम्ही मल्हारला बसवलंत, ती मी."

ताईंनी फोन आपल्याजवळ ओढला.

"रागावून बोलत नाही. सर्व्हरच्या नोंदी पाच मिनिटांसाठी बारीक करा. मी एकदा आत जायचा प्रयत्न करते. काय लिहिलं जातंय ते आपण तिघं एकदम वाचू. मी चोर असेन तर तेही त्यात दिसेल."

वैजयंती मॅडमनी दोन-तीन प्रश्न विचारले. घड्याळ तपासलं का, सर्व्हरच्या नावात गोंधळ नाही ना. त्यांना काम येत होतं, हे मान्य करायला हवं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. आता प्रयत्न करा."

ताईंनी बटण दाबलं. पलीकडे कीबोर्डचा आवाज. मग वैजयंती मॅडमनी ती ओळ मोठ्यानं वाचली: विनंतीतला ओळखीचा भाग ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आहे.

"म्हणजे त्यांनी नाव लपवलं नव्हतं," मी म्हणालो. "सर्व्हरनं ते वाचलंच न्हवतं."

"हं," मॅडम म्हणाल्या. "मर्यादा मी वाढवून देते. पण तेवढ्यावर थांबू नका. नको असलेले गट काढा, नाहीतर उद्या दुसरीकडे अडेल." मग म्हणाल्या, "बिराजदार मॅडम, माझा अर्थ चुकला."

"चुकला," ताई म्हणाल्या.

दुपारी मी आणि ताई गटांची यादी घेऊन बसलो. कुठले काढायचे ते त्यांनाच माहीत होतं. मी एकेक नाव वाचत गेलो. बंद पडलेल्या दोन कारखान्यांचे गट. एका कारखान्याचा काटा पावसात बुडाला होता तेव्हा पंधरा दिवसांसाठी केलेला गट. "तितं मी साप बघितला, काट्याच्या खड्ड्यात," ताई म्हणाल्या. कानडी मुलुखातल्या एका कारखान्याचा गट, जिथं स्क्रीनवरचं मराठी कोणाला वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी एकटीनं सगळे शब्द कानडीत लिहिले होते. ऑफिसच्या सहलीचा गट. पाळणाघर मागणाऱ्या बायकांचा गट. पाळणाघर झालं नाही, तोवर त्यांची मुलगी शाळेत गेली. त्या एकेकाला "काढ" म्हणत होत्या आणि मी काढत होतो. असं करत आम्ही शंभराच्या पुढे आलो. मग मी एक नाव वाचलं आणि थांबलो.

"काय झालं?"

"हा गट आपला न्हाय. सप्टेंबरात पुण्यानं केलाय. 'आढावा दोन' म्हणून."

"कोण कोण हाय त्यात?"

आठ जणं. सगळी आमच्या शाखेतली, सगळी दहा वर्षांहून जास्त कामाला असलेली. चौथं नाव ताईंचं. सहावं निंगप्पांचं.

मला आठवलं, फोनवर वैजयंती मॅडम म्हणाल्या होत्या: पुढं काय होणार याचा अंदाज असेल तर.

"हा काढू?" मी विचारलं.

"न्हाय. हा राहू दे." त्या उठल्या, यादीचा तेवढा कागद छापून घेतला आणि बसवराज सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलं. आत कानडीत बोलणं झालं. मला कानडी तोडकंमोडकं कळतं. ताईंनी एवढंच विचारलं, यात माझं नाव का आहे. सर बराच वेळ इकडचं तिकडचं सांगत राहिले. मग खचल्यासारखे बोलले. हंगाम संपला की या आठ जागांची गरज आहे का ते पुणे ठरवणार होतं. निंगप्पांचं आधीच ठरलं.

म्हणजे तिकीट अडकलं तो निव्वळ बिघाड होता, आणि ताईंचा संशयही खरा होता. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हे मला पचायला बरेच दिवस लागले.

ताई बाहेर आल्या आणि उरलेल्या सहा जणांच्या टेबलांशी एकेक करून गेल्या. प्रत्येकाला कागद दाखवला. सर दारात उभे राहून बघत होते. त्यांनी अडवलं नाही. मग ताईंनी निंगप्पांना फोन केला आणि सांगितलं की त्या दिवशी तुमची काही चूक नव्हती, तुमचं नाव महिनाभर आधीच लिहून ठेवलं होतं.

त्यानंतर त्या जागेवर आल्या, कॉम्प्युटरमधून बाहेर पडून परत आत शिरल्या, म्हणजे नवीन तिकीट मिळावं, आणि दुरुस्ती पाठवली. गेली. नोंदीत त्यांचं नाव आलं, वेळ आली, आणि पुढे एक वाक्य: रिकाम्या गाडीचं वजन रोज नव्यानं धरावं.

शनिवारी चाचणीला मीही गेलो. परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. टेंभुर्णीपर्यंत त्या चाचणीचे आकडे वहीत उतरवत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या खुर्चीत बसलास तेव्हा तुला खरंच वाटलं होतं?"

खोटं बोलायची इच्छा झाली. बोललो नाही. "वाटलं होतं ताई."

"किती वेळ?"

"एक दिवस. बुधवार सकाळपासून तुमी सरांना न्हाय म्हणालात तोवर."

त्यांनी मान हलवली. "मला तुझ्यावर सोमवारपासून संशय होता. तूच माझं नाव काढलंस, आणि आता बिघाड शोधायचं नाटक करतोयस, असं वाटायचं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आपण दोघं एकाच टेबलावर डबा खायचो, मल्हार."

मी मोबाइल काढला आणि तो फोटो त्यांच्यासमोर पुसला. त्यांनी ते बघितलं.

हंगाम मार्चात संपला. निंगप्पा सोडून उरलेल्या सातांपैकी तिघांना पत्रं मिळाली, पण त्या सगळ्यांना पाच महिने आधी कळलेलं होतं. दोघांनी तोवर दुसरी नोकरी बघून ठेवली होती. ताईंना पत्र मिळालं नाही. का, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि ताईंनी ते विचारलं नाही. त्यांनी मागितलं ते वेगळंच. कोणालाही कुठल्या सर्व्हरनं परत पाठवलं तर त्याच्याबद्दल नोंदीत काय लिहिलंय ते त्या माणसाला स्वतः वाचता यावं. वैजयंती मॅडमनी दोन महिने घेतले, पण ते करून दिलं. आता आमच्याकडे कोणाचं दार अडलं की तो आधी आपली ओळ वाचतो आणि मग मला हाक मारतो.

ताई आजही तिथंच आहेत. या हंगामासाठी पायलला काटा शिकवतायत. परवाच तिला घेऊन वळसंगच्या पुढच्या एका काट्यावर गेल्या होत्या. माझ्याशी बोलतात, कामाचं सगळं सांगतात, चेष्टाही करतात. फक्त जेवायला उठताना आधी स्क्रीनला कुलूप घालतात, मग ड्रॉवरला, आणि किल्ली पर्समध्ये टाकतात. मी समोर बसलेला असलो तरी टाकतात.